'लहान' खदान कोणासाठी लहान?



आमच्या पोडाच्या अवतीभवती चुनखडीच्या तीन खदानींचे अर्ज झाले आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी, मारेगाव, झरीच्या पट्ट्यात जमिनीखाली चुन्याचा दगड आहे, ही काही नवी गोष्ट नाही. वणीजवळ राजूरला चुन्याच्या भट्ट्या कित्येक वर्षांपासून जळत आहेत. दगड हाय म्हटल्यावर खदानवाला येणारच, असं आमचे म्हातारे सांगत होते. आता तो आला. पण तो मोठी कंपनी घेऊन आला नाही. 'लहान प्रोजेक्ट आहे जी, चार-पाच हेक्टरचा, तुम्हाला काही त्रास नाही,' असं सांगत आला.

तालुक्याच्या कार्यालयात गेलो तर तिथंही तेच. "एवढीशी खदान आहे, त्याला काय विरोध करता? मोठ्या सिमेंटवाल्यांना विचारा." पंचायतीतले लोकही म्हणतात, लहानशी आहे, होऊ द्या. म्हणून या अंकात आम्ही या 'लहान' शब्दावरच लिहायचं ठरवलं. कारण आमच्या मते सगळा घोळ या एका शब्दात आहे. खदान लहान आहे की मोठी, हे कोण ठरवते आणि कोणत्या मापानं ठरवते?

पाचच्या आत

पहिला अर्ज 4.80 हेक्टरचा आहे. दुसरा 3.90 चा. तिसरा 2.60 चा. दगड तर त्या टेकाडापासून पार नाल्यापर्यंत एकसारखा आहे. मग 4.80 वर येऊन माप काहून थांबलं?

याचं उत्तर कायद्यात आहे. 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे खदानीला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. आधी 5 हेक्टरच्या आतली खदान यातून सुटत होती. त्यामुळं लोक मोठ्या खदानीचे तुकडे करून अर्ज करायचे. 27 फेब्रुवारी 2012 ला सर्वोच्च न्यायालयानं दीपक कुमार खटल्यात सांगितलं की गौण खनिजाच्या 5 हेक्टरच्या आतल्या पट्ट्यालाही मंजुरी लागेल. मग 15 जानेवारी 2016 ला केंद्रानं पुन्हा नियम बदलले. मंजुरी ठेवली, पण 5 हेक्टरच्या आतल्या एकट्या पट्ट्याला पर्यावरण अहवाल नको आणि जनसुनावणीही नको, असं केलं. एक फॉर्म, एक खाण आराखडा, की झालं काम.

म्हणजे 5 हेक्टरच्या आत राहिलं की लोकांना विचारायची गरज नाही. 4.80 हा आकडा दगड पाहून आलेला नाही, नियम पाहून आलेला आहे.

पण त्याच नियमात आणखी एक गोष्ट आहे, ती आम्हाला कोणी सांगितली नाही. एका पट्ट्याच्या हद्दीपासून दुसऱ्या पट्ट्याची हद्द 500 मीटरच्या आत असेल आणि खनिज तेच असेल, तर ते पट्टे वेगवेगळे धरायचे नाहीत. त्यांचा एक समूह धरायचा आणि सगळ्यांचं क्षेत्र एकत्र मोजायचं. आमच्या तीन अर्जांची बेरीज करा. 4.80 आणि 3.90 आणि 2.60, झाले 11.30 हेक्टर. तिन्ही अर्ज वेगळ्या नावांवर आहेत. पण पहिल्या आणि दुसऱ्या पट्ट्याच्या मधी फक्त एक पांदण आहे, बैलबंडी जाईल एवढी. तिसरा नाल्याच्या पलीकडं आहे, आमच्या दोरीनं 320 मीटर. हा समूह नाही तर काय आहे?

राष्ट्रीय हरित लवादानं 13 सप्टेंबर 2018 ला आदेश दिला, त्यानंतर 5 ते 25 हेक्टरच्या खदानीला आणि समूहालाही पर्यावरण अहवाल आणि जनसुनावणी लागू झाली. म्हणून प्रत्येक अर्जासोबत खनिकर्म कार्यालयाचा दाखला लागतो, की 500 मीटरच्या आत दुसरा कोणता पट्टा आहे की नाही. त्या एका कागदावर सगळं अडलेलं आहे. तो दाखला खरा निघाला तर आमच्यासमोर सुनावणी होईल. खोटा निघाला तर पोकलेन सरळ टेकाडावर चढेल. आम्ही त्या दाखल्याची नक्कल माहितीच्या अधिकारात मागितली आहे. दहा रुपयांचा अर्ज आहे, उत्तराची मुदत 30 दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला ते दहा रुपयेही लागत नाहीत.

जागेची पाहणी कोणी केली?

पहिल्या अर्जाची माहिती आम्हाला पाहायला मिळाली. त्यात जागेबद्दल जे लिहिलं आहे ते वाचून पोडातले लोक आधी हसले आणि मग गप झाले.

'सर्वांत जवळचं गाव 1.4 किलोमीटर.' हे अंतर मोठ्या गावापर्यंतचं आहे, जिथं पंचायतीचं ऑफिस आहे आणि तलाठी बसतो. आमचं पोड कागदावर गाव नाही, म्हणून ते मोजलंच नाही. आम्ही दर दहा मीटरवर गाठ मारलेली दोरी घेऊन मोजलं. पट्ट्याच्या हद्दीपासून पोडाचं पहिलं घर 140 मीटर. पिण्याची विहीर 210 मीटर. अंगणवाडी 260 मीटर. पोडात एकतीस घरं आहेत, कोलामांची आणि थोडी गोंडांची. त्या फॉर्मच्या हिशोबानं आम्ही तिथं राहतच नाही.

धातूच्या आणि दगडाच्या खाणींचे जे केंद्राचे नियम आहेत, त्यात सुरुंग उडवताना 300 मीटरची धोक्याची हद्द सांगितली आहे. त्या हद्दीतली माणसं आधी आडोशाला किंवा बाहेर गेली पाहिजेत, कारण दगड उडतात. आता सांगा, पहिलं घर 140 वर आणि अंगणवाडी 260 वर. म्हणजे रोज सुरुंगाच्या वेळी अंगणवाडीतली लेकरं घेऊन आम्ही वावरात जाऊन बसायचं का? पावसाळ्यात काय करायचं? बाळंतीण बाईनं काय करायचं? फॉर्ममधी 1.4 किलोमीटर लिहिलं की हे प्रश्नच उरत नाहीत.

'जलप्रवाह नाही.' नाला हद्दीपासून 60 मीटरवर आहे. मे महिन्यात जो पाहायला आला त्याला तो कोरडा दिसला असेल. श्रावणात येऊन पाहा म्हणा. त्या नाल्याच्या डोहावर ढोरं पाणी पितात, आणि त्याच्या काठच्या झिऱ्यावर आम्ही उन्हाळ्याचे दोन महिने काढतो.

'जमीन पडीक, झाडं नाहीत.' टेकाडावर मोह आहे, तेंदू आहे, पळस आहे. मार्च-एप्रिलमधी पहाटे बाया तिथं मोह वेचतात आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडतात. टेकाडाच्या अंगाला आमचं देवस्थान आहे. ज्याला नुसता दगड पाहिजे त्याला पडीकच दिसणार.

'भूजलावर परिणाम नाही.' हे कशावरून लिहिलं? एकाही विहिरीचं पाणी कोणी मोजलं नाही. चुन्याचा दगड पाण्याला अडवत नाही, त्याच्या भेगाभेगांतून पाणी चालते. टेकाडावर पडलेला पाऊस त्या भेगांतून खाली उतरतो आणि आमच्या विहिरीत आणि झिऱ्यात येतो. खदानीचा खड्डा विहिरीच्या पाण्याच्या पातळीखाली गेला, की पाणी आधी खड्ड्यात जाईल. खदानवाला पंप लावून ते उपसून नाल्यात सोडेल, कारण त्याला कोरडा खड्डा पाहिजे. विहीर आटल्यावर आम्ही कोणाकडं जायचं? टँकर लावू म्हणतात. टँकर सोमवारी येतो आणि गुरुवारी येत नाही, हे आम्हाला पोडातच नाही तर साऱ्या तालुक्याला माहीत आहे.

जागा कशी आहे हे ठरवूनच परवानगी द्यायची असते. जागाच खोटी लिहिली तर पुढची प्रत्येक परवानगी खोटी ठरते. म्हणून आम्ही म्हणतो, जागेची पाहणी पुन्हा करा. आमच्यासमोर करा, आणि पावसाळा संपल्यावर करा.

तीन जमिनी, तीन कायदे

तिन्ही पट्ट्यांची जमीन एका प्रकारची नाही. प्रत्येक जमिनीला वेगळा कायदा लागतो. आपल्या लोकांनी हे नीट समजून घ्यावं, कारण ऑफिसात आपल्याला एका कायद्याच्या नावानं दुसऱ्या टेबलावर धाडतात.

4.80 हेक्टरची जमीन ई-क्लास आहे, म्हणजे सरकारची, चराईची. इथं लोक म्हणतात, सरकारची जमीन आहे, सरकार देईल. तसं नाही. आमचं गाव अनुसूचित क्षेत्रात आहे. महाराष्ट्रात 13 जिल्ह्यांत असं क्षेत्र आहे आणि त्यात यवतमाळ आहे. 1996 च्या पेसा कायद्याच्या कलम 4 मधी स्पष्ट आहे, की अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस घेणं बंधनकारक आहे. शिफारस आधी, पट्टा नंतर.

आता यातली गंमत पाहा. चुनखडी तशी मोठं खनिज आहे. सिमेंटसाठी काढली तर मोठं खनिज, मग लिलाव आला, केंद्राचा खाण विभाग आला. पण भट्टीत भाजून बांधकामाचा चुना करायला काढली तर तीच चुनखडी गौण खनिज धरली जात होती. खदानवाल्यानं अर्जात 'भट्टीसाठी' लिहिलं, कारण गौण म्हटलं की रस्ता सोपा होतो. पण गौण म्हटलं की तो पेसाच्या ग्रामसभेसमोर येऊन उभा राहतो. जी वाट त्यानं सोपी म्हणून धरली, त्या वाटेवर आमची चावडी आहे. आणि उद्या तो दगड भट्टीत न जाता ट्रकनं दुसरीकडं गेला, तर तो पट्टाच चुकीचा ठरतो. म्हणून ट्रक कुठं जातात हे पाहणंही आपलं काम आहे.

3.90 हेक्टरची जमीन आमच्याच एका आदिवासी कास्तकाराच्या मालकीची आहे. त्याच्याकडून शंभराच्या स्टॅम्पवर करारनामा करून घेतला आहे, 4 वर्षं 11 महिन्यांचा. इथंही पाचच्या आत! महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 36अ सांगते, की आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकणं, गहाण देणं, भाड्यानं देणं, काहीही करायचं तर आधी जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी पाहिजे. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला आणि गहाणाला जिल्हाधिकारी पुरतो. त्याच्यावर गेलं की राज्य सरकारची मान्यताही लागते. म्हणून 4 वर्षं 11 महिने. पण जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी तरी कुठं आहे? ती नाही, तर त्या स्टॅम्पला काडीची किंमत नाही.

त्या कास्तकाराला आम्ही दोष देत नाही. दोन वर्षं कापसानं मार दिला, पोरीचं लग्न होतं, इसाराचे पैसे हातात आले. पण पाच वर्षांनी त्याला वावर परत मिळणार नाही, खड्डा मिळणार आहे. दहा मीटर खोल खड्ड्यात तूर पेरता येत नाही. हे त्याला कोणीच सांगितलं नाही, म्हणून आम्ही इथं लिहितो आहोत. बाकीच्या पोडांतही असेच करारनामे घेऊन माणसं फिरत आहेत.

2.60 हेक्टरचा तुकडा जंगलाच्या कडेला आहे. त्यावर आमच्या चार घरांचे वनहक्काचे दावे पडलेले आहेत, अजून निकाल नाही. वनहक्क कायदा 2006 चं कलम 4(5) म्हणते, की दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही वनजमिनीवरून हटवता येत नाही. आणि वनजमिनीवर खदान करायची तर 1980 च्या वन कायद्याप्रमाणं केंद्राची परवानगी पाहिजे. कोलाम ही सरकारच्याच यादीत आदिम जमात आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीनच. आदिम जमातींच्या वस्तीक्षेत्राचा हक्क वनहक्क कायद्यात वेगळा लिहिला आहे. 18 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं ओडिशातल्या नियमगिरीच्या खटल्यात डोंगरावरच्या हक्कांचा आणि देवाचा प्रश्न ग्रामसभांपुढं ठेवायला सांगितला होता. तिथल्या बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. आमच्या टेकाडावरचा देव नियमगिरीच्या देवापेक्षा लहान आहे का?

कोणी कार्यकर्ते सभेत 1997 च्या समता निकालाचं नाव घेतात, की अनुसूचित क्षेत्रात खाजगी खाण होऊच शकत नाही. तो निकाल आंध्र प्रदेशातल्या जमिनीच्या कायद्यावर उभा आहे. तो इथं जसाच्या तसा लागतो असं लोकांना सांगू नये. सुनावणीत समोरचा वकील एका मिनिटात ते खोडून काढतो आणि मग आपली खरी गोष्टही लोकांना खोटी वाटते. आपल्याजवळ पेसा आहे, 36अ आहे, वनहक्क आहे. तेवढं घट्ट धरलं तरी पुष्कळ आहे.

ठराव कोणाचा?

मग खदानवाल्याजवळ काहीच नाही का? त्याच्याजवळ एक कागद आहे. गट ग्रामपंचायतीचा नाहरकत ठराव. आमची गट ग्रामपंचायत आहे. मोठं गाव आणि तीन पोडं मिळून एक पंचायत. मोठ्या गावात बिगर-आदिवासी जास्त, ट्रॅक्टरवाले जास्त, गिट्टी-मुरमाचा धंदा करणारेही आहेत. ज्यांच्या घरापासून खदान दीड किलोमीटर आहे त्यांनी 'हरकत नाही' म्हटलं. त्यांना हरकत कशाची असणार?

पेसा कायद्यात 'गाव' म्हणजे महसुली गाव नाही. एखादी वस्ती किंवा पाडा, जिथले लोक आपल्या रूढी-परंपरेप्रमाणे आपला कारभार चालवतात, ते गाव. पोडात आमचा नाईक आहे, महाजन आहे, चावडी आहे. लग्न, भांडण, सण, सगळं चावडीत ठरते. ते गाव नाही तर काय आहे? महाराष्ट्राच्या 2014 च्या पेसा नियमांत अशा वस्तीला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घ्यायची वाट दिली आहे. पोडातल्या मतदारांनी ठराव करायचा आणि उपविभागीय अधिकाऱ्याकडं द्यायचा. आम्ही तो ठराव केला आहे. पोच घेतली आहे. ज्या पोडांनी अजून केला नाही त्यांनी खदानवाला यायची वाट पाहू नये. कायद्यात 'ग्रामसभा किंवा पंचायत' असं लिहिलं आहे ना, त्या 'किंवा'मधूनच तो घुसतो. पोडाची ग्रामसभा उभी असली तर त्याला घुसायला जागा कमी राहते.

दुसरी गोष्ट सह्यांची. रेशनच्या वेळी, घरकुलाच्या यादीसाठी, कोऱ्या रजिस्टरवर बायांचे अंगठे घेतले जातात. मग वरती ठराव लिहिला जातो. आमच्या पोडात आता नियम केला आहे. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही, आणि वाचून दाखवणारा पोडातलाच पाहिजे. बारावी शिकलेले पोट्टे-पोट्टी आता पोडात आहेत. त्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग झाला पाहिजे.

रोजगार मिळेल म्हणतात

आमच्यातले काही लोक म्हणतात, खदान आली तर रोजी मिळेल, पुण्या-हैदराबादला जावं लागणार नाही. हा प्रश्न खरा आहे, त्याला टाळून चालत नाही. दिवाळीनंतर अर्धं पोड रिकामं होते, हे आम्हालाही दिसते.

पण हिशोब करू. आराखड्यात खोली 10 मीटर लिहिली आहे. 4.80 हेक्टर म्हणजे 48,000 चौरस मीटर. 10 मीटर खोल गेलं तर 4,80,000 घनमीटर दगड. एक घनमीटर चुनखडी साधारण अडीच टन भरते, म्हणजे 12 लाख टन. काठ सोडले, पायऱ्या सोडल्या, वरची माती सोडली, निम्माच निघाला धरू. 6 लाख टन. दहा टनाचा ट्रक धरला तर 60,000 खेपा. वर्षात 300 दिवस आणि पाच वर्षं, म्हणजे 1500 दिवस. रोजचे 40 ट्रक भरलेले जातील आणि 40 रिकामे येतील. दहा तासांच्या दिवसात दर सात-आठ मिनिटांनी एक ट्रक आमच्या पांदणीवरून. त्याच पांदणीनं पोरं शाळेत जातात, आणि बाजूच्या वावरात कापूस फुटलेला असतो. त्या कापसावर धूळ बसली की व्यापारी भाव पाडतो. हा हिशोब फक्त एका पट्ट्याचा आहे. बाकीचे दोन यात धरलेच नाहीत. आता सांगा, लहान कुठं आहे?

आणि एवढा दगड काढायला माणसं किती लागतात? एक पोकलेन, एक ड्रिल मशीन, एक बारूदवाला, काही ड्रायव्हर, एक मुनीम. पोकलेन चालवणारा बाहेरून येतो. ड्रायव्हरला जड वाहनाचं लायसन लागते, ते आमच्या पोडात कोणाजवळच नाही. आमच्या वाट्याला येते दगड फोडणं आणि भट्टी भरणं. ताजा भाजलेला चुना पाण्याशी लागला की उकळतो. घामानं ओल्या हाताला, डोळ्याला लागला की भाजते. 100 किलो चोख दगड भाजला तर 56 किलो चुना उरतो, बाकी 44 किलो वायू होऊन जातो, आणि दगडी कोळशाचा धूर वेगळा. तो सारा भट्टीवरच्या माणसाच्या छातीसमोरून जातो. हातमोजे, चष्मा, विमा, हजेरीचं पुस्तक, यातलं काय देणार, असं आम्ही विचारलं. उत्तर मिळालं, "आधी सुरू तर होऊ द्या."

आम्ही चुन्याच्या विरोधात नाही. घराला चुना लागतो, तंबाखूलाही लागतो. आम्ही विरोध करतो ते आम्हालाच चुना लावण्याला. रोजगार द्यायचाच असेल तर रोजगार हमीचं काम मागितल्यावर वेळेवर द्या. तेंदूचा बोनस द्या. वनहक्काचे दावे मोकळे करा. नाल्यावर बंधारा बांधा, म्हणजे रब्बीचं एक पीक निघेल. या चारही गोष्टींचे अर्ज आमच्या हातात आहेत, पोचेसहित. खदानीचा अर्ज दोन महिन्यांत टेबलं पार करतो. आमच्या वनहक्काच्या दाव्याला किती वर्षं झाली, ते चावडीतलं पोरगंही सांगेल.

आता काय करायचं

पहिलं, मोजा. प्रत्येक पोडानं दोरीनं आपल्या घरापासून, विहिरीपासून, नाल्यापासून टेकाडापर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहावं. तारीख टाकावी, पाच जणांच्या सह्या घ्याव्या.

दुसरं, विहिरीचं पाणी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मोजावं. काठापासून पाण्यापर्यंत किती हात, एवढंच लिहायचं. वर्षभराची वही असली तर उद्या 'तुमची विहीर आधीच आटत होती' असं कोणी म्हणू शकणार नाही. घरांच्या भिंतींचे फोटोही आजच काढून ठेवा. सुरुंगानंतर भेग पडली तर आधीची भिंत दाखवता आली पाहिजे.

तिसरं, माहिती अधिकारात चार कागद मागा: पर्यावरण मंजुरीचा अर्ज, खाण आराखडा, मोजणी नकाशा आणि 500 मीटरचा दाखला.

चौथं, पोडाची ग्रामसभा घ्या. वनहक्काच्या विषयावर निम्मे लोक हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत, हे लक्षात ठेवा. ठरावात नुसतं 'विरोध आहे' लिहू नका. काहून विरोध आहे ते अंतरासहित लिहा. 140 मीटर हा आकडा घोषणेपेक्षा जड आहे.

पाचवं, जनसुनावणी लागली तर तयार राहा. तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी समोर बसतो. सगळ्याचं रेकॉर्डिंग होते आणि शेवटी झालेलं सगळं लोकांच्या भाषेत वाचून दाखवावं लागते. पण सुनावणीला गणपूर्ती नाही. कोणीच गेलं नाही तरी सुनावणी झाली असं धरतात. म्हणून बहिष्कार घालून घरी बसणं परवडत नाही. जायचं, बोलायचं, लिहून द्यायचं, पोच घ्यायची. कोलामी बोलणाऱ्या बायांनी कोलामीतच बोलावं. समजून घेणं हे अधिकाऱ्याचं काम आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. तिन्ही अर्ज एकत्र धरून समूह म्हणून तपासा. जागेची पाहणी पोडाच्या लोकांसमोर पुन्हा करा आणि पोडाचं अंतर कागदावर लिहा. पोडाच्या ग्रामसभेच्या शिफारशीशिवाय पट्टा देऊ नका. 36अ ची मंजुरी नसलेला करारनामा रद्द धरून कास्तकाराला त्याचं वावर मोकळं करून द्या. वनहक्काचे दावे आधी निकाली काढा.

यातली एकही मागणी कायद्याच्या बाहेरची नाही. सरकारनं आपलेच कागद आपण पाळावे, एवढंच आम्ही म्हणतो. हे झाल्यावर ग्रामसभा जे ठरवेल ते आम्ही मानू. होकार असेल तर होकार, नकार असेल तर नकार. पण ते ठरवायचं चावडीत, एकतीस घरांसमोर.

येत्या अमावास्येनंतरच्या पहिल्या रविवारी तिन्ही पोडांची एकत्र बैठक आमच्या चावडीत आहे. येताना दोरी, वही आणि आपापले सातबारे घेऊन या. बाया आल्या नाहीत तर बैठक सुरू होणार नाही.

आमच्या गावात आम्हीच सरकार!
जय सेवा!